सरासरीच्या आड



सरकारी आकड्यांचे पुस्तक हा रुक्ष विषय. पण आपल्या ताटात काय पडणार हे पुष्कळदा त्याच पुस्तकात ठरते, म्हणून आज त्याचीच गोष्ट सांगतो. ती दूरची नाही, आपल्या इंदापूर तालुक्याची आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. त्यानंतर दहा-बारा वर्षांतच प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची जमीन मोजविली. जमिनीची प्रत लावायची, एकूण पिकातून खर्च वजा घालायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारने घ्यायचे, असा हा हिशेब होता. कागदावर तो शास्त्रशुद्ध दिसत होता. पण मोजणी सदोष होती, कारकुनांनी हात ओले केले होते आणि त्यातच धान्याचे भाव उतरले. सारा देणे रयतेला अशक्य झाले. शेते ओस पडली; काही कुणबी गाव सोडून निजामाच्या मुलखात गेले. तक्त्यात उत्पन्न होते, शिवारात मात्र माणूस नव्हता.

तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्याने पाहणी केली. मागील वर्षांत प्रत्यक्ष वसूल किती झाला आणि लागवड किती होती, हे पाहून त्यांनी दर उतरविले आणि १८३६ मध्ये ते ३० वर्षांसाठी कायम केले. पडीक जमीन पुन्हा नांगराखाली आली.

ती मुदत संपताच १८६७ मध्ये फेरआकारणी झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापूस महागला होता, इतर भावही चढले होते. त्या तेजीच्या मापाने सारा वाढला. पुढे भाव उतरले तरी वाढलेला सारा तसाच राहिला. ओरड झाली, तेव्हा १८७४ मध्ये सरकारने वाढीला मर्यादा घातली. ती नीट ऐका: सबंध तालुक्याची वाढ शेकडा ३३ हून अधिक नको, एका गावाची ६६ हून नको आणि एका खातेदाराची १०० हून नको. म्हणजे तालुक्याचा आकडा शेकडा ३३ दाखवीत असताना एखाद्या घरचा सारा दुप्पट होऊ शकत होता, आणि तोही नियमाप्रमाणे! तालुका काही सारा भरीत नाही. सारा भरतो तो खातेदार, आणि हाती पैसा नसला की सावकाराकडून काढून भरतो. १२ मे १८७५ रोजी शेजारच्या भीमथडी तालुक्यात सुपे येथे लोक सावकारांवर उठले आणि दंग्यांचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. जागोजाग कर्जखते जाळण्यात आली. दंग्याला कारणे अनेक होती. सारा हे त्यांतले एक.

पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, दादाभाई नौरोजींनी मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. सरकारचेच प्रांतवार आकडे घेऊन त्यांनी माणशी वार्षिक उत्पन्न २० रुपये काढले आणि तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च त्याशेजारी मांडला. सरकारी सरासरीची चूकही त्यांनी दाखविली. समजा, एका जिल्ह्यात १०० खंडी धान्य १० रुपये दराने विकले, दुसऱ्यात १० खंडी २० रुपये दराने. अधिकारी दोन दरांची बेरीज करून दोहोंनी भागीत व सरासरी १५ रुपये लिहीत. खरी सरासरी ११ रुपयांच्याही आत येते!

आज महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीत जिल्हावार दरडोई उत्पन्न छापले जाते, ही चांगली गोष्ट आहे. पण गिरणीच्या सरासरी पगारात मॅनेजर आणि बदली कामगार एकाच पंगतीला बसतात, हे आम्ही कामगारांनी वाटाघाटींत अनेकदा पाहिले आहे. प्राप्तिकराचेही असेच. कारखाना आडगावी असला, तरी कंपनीचा कर पुष्कळदा मुख्य कचेरीच्या शहराच्या खात्यावर दिसतो. घाम एका गावचा आणि आकडा दुसऱ्याचा!

म्हणून आकड्यांवर रागावू नका, ते मागा आणि वाचा. मात्र दर वेळी दोन प्रश्न विचारा: हे कोणी व कशासाठी मोजले? आणि घेऊन झाल्यावर माणसाच्या हाती उरले किती? पहिल्याचे उत्तर बहुधा मुखपृष्ठावरच असते. दुसऱ्याचे उत्तर आपण मागितल्याखेरीज कोणी छापीत नाही.