एका खाचेचा इतिहास

भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये बोल्ट तयार होतो, चिंचवडच्या दुसऱ्या वर्कशॉपमध्ये नट तयार होतो. तिथल्या कामगारांनी एकमेकांना कधी पाहिलेलेही नसते. तरीही चाकणच्या कारखान्यात गाडीची जुळणी होताना तो नट त्या बोल्टवर अलगद चढतो. ही गोष्ट इतकी रोजची झाली आहे की तिचे कोणाला नवल वाटत नाही. पण तिच्यामागे दोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्याची सुरुवात बंदुकांच्या कारखान्यांत झाली, आणि त्याचे एक अलीकडचे प्रकरण पिस्तुलाच्या नळीखालच्या एका छोट्या खाचेत घडले.

अठराव्या शतकात प्रत्येक बंदूक वेगळी घडवली जाई. कारागीर कानस घेऊन एक भाग शेजारच्या भागाशी जुळवून घेई. साहजिकच एका बंदुकीचा घोडा दुसरीला बसत नसे आणि एक भाग मोडला की सारी बंदूक निकामी होई. फ्रान्समधील ऑनोरे ब्लाँ या कारागिराने यावर उपाय शोधला. १७८५ साली पॅरिसमध्ये त्याने अमेरिकेचे राजदूत थॉमस जेफरसन यांच्यापुढे पन्नास बंदुकांच्या चापयंत्रणांचे सुटे भाग ठेवले. जेफरसन यांनी हाताला येतील ते भाग उचलून काही यंत्रणा स्वतः जुळवल्या. पुढे अमेरिकेत हार्पर्स फेरी येथे जॉन हॉल याने १८२० च्या दशकात यंत्रे आणि गेज वापरून अशा रायफली प्रत्यक्षात बनवल्या.

एका कारखान्यापुरते गेज पुरले. पण दोन कारखान्यांचे भाग जुळायचे तर दोघांनी एकच माप मान्य करायला हवे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण सुचवले. त्यात आट्यांचा कोन ५५ अंश होता. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ साली ६० अंश सुचवले. पाच अंशांचा हा फरक दुसऱ्या महायुद्धात भलताच महाग पडला, कारण दोस्त राष्ट्रांचे नट एकमेकांच्या बोल्टवर बसेनात. अखेर १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांचे समाईक आटे मान्य केले.

याच सुमारास, १९४७ साली, भारतीय मानक संस्था स्थापन झाली. तीच आजची भारतीय मानक ब्यूरो. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने देशाने मेट्रिक पद्धत स्वीकारली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले १९६२ साली. म्हणजे पिंपरी-चिंचवडचा पट्टा वाढला तो नेमका इंच मागे पडून मिलिमीटर रुजत असताना. जुने फिटर अजूनही ‘सूत’ म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पण ड्रॉइंगवर मात्र मिलिमीटरच असतात. ड्रॉइंगची ही भाषा सर्वांची एक नसती, तर एका मोठ्या कारखान्याभोवती शेकडो छोटे पुरवठादार उभे राहणेच कठीण होते.

आता पिस्तुलाच्या खाचेकडे येऊ. आपल्याकडील इशापूरच्या कारखान्याचे ९ मिमी पिस्तूल पाहिले, तर त्याच्या नळीखाली दिवा बसवायला जागाच नाही. त्याचा मूळ आराखडा १९३५ च्या ब्राउनिंग पिस्तुलाचा. अंधारात शिरणाऱ्या पोलिसाने एका हातात विजेरी आणि दुसऱ्या हातात पिस्तूल धरावे, अशीच तेव्हाची रीत होती. पुढे दिवे लहान झाले, लेसरही छोट्याशा डायोडमधून मिळू लागला, आणि मग ते पिस्तुलालाच जोडावेत असा विचार आला. जर्मनीच्या हेक्लर आणि कॉख कंपनीने १९९३ साली यूएसपी हे पिस्तूल आणले. त्याच्या नळीखाली दोन्ही बाजूंना साच्यातच खाचा होत्या. यूएसपी या नावातील पहिल्या अक्षराचा अर्थ ‘सार्वत्रिक’ असा आहे. खाच मात्र सार्वत्रिक नव्हती. तिचा आकार त्या कंपनीचा स्वतःचा होता.

दोनच वर्षांनी, फेब्रुवारी १९९५ मध्ये, अमेरिकी सैन्याने पिकॅटिनी पट्टीचे प्रमाण जाहीर केले. न्यू जर्सीतील ज्या शस्त्रागारात ते ठरले त्याचेच हे नाव. या पट्टीवर आडव्या खाचा असतात. प्रत्येक खाच ५.२३ मिमी रुंद, आणि एका खाचेच्या मध्यापासून पुढच्या खाचेच्या मध्यापर्यंतचे अंतर १०.०१ मिमी. गोळी सुटताना धक्का बसतो तेव्हा दिवा मागेपुढे सरकू नये म्हणून त्याची आडवी कांब या खाचेत अडकते. याआधी प्रचारात असलेल्या वीव्हर पट्टीची खाच ४.५७ मिमी होती. म्हणून वीव्हरसाठी केलेली कांब पिकॅटिनीत सहसा बसते, पण पिकॅटिनीची कांब वीव्हरमध्ये जात नाही.

यूएसपी ज्यांच्याकडे होते त्यांची पंचाईत झाली. बाजारात नवे दिवे आणि लेसर येत होते ते पिकॅटिनीच्या मापाचे. तेव्हा मधे एक जोडपट्टी आली. तिची वरची बाजू यूएसपीच्या खाचेत बसते, खालची बाजू पिकॅटिनीसारखी असते. प्रश्न सुटला असे वाटते, पण एका सांध्याच्या जागी दोन सांधे झाले. प्रत्येक सांध्याला थोडी चाल असतेच. समजा ५० मिमी लांबीच्या सांध्यात एका टोकाला ०.१ मिमीची, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढी, चाल आहे. लेसरचा किरण मग ५०० स एक या प्रमाणात कलतो आणि २५ मीटरवर त्याचा ठिपका ५ सेंटीमीटर सरकतो. तशाच दुसऱ्या सांध्याची चाल त्याच बाजूला आली तर १० सेंटीमीटर. लेसर अचूकच असतो, पण सांधा ढिला असेल तर त्या अचूकपणाचा उपयोग काय?

यात कंपनीची चूक होती काय? १९९३ साली पाळण्यासारखे प्रमाणच ठरलेले नव्हते. जो आधी पाऊल टाकतो त्याच्यावर अशी वेळ पुष्कळदा येते. पुढे याच कंपनीने पी-३० आणि एचके-४५ या पिस्तुलांना पिकॅटिनी पट्टी दिली. २००९ साली नाटो राष्ट्रांनी तीच पट्टी मेट्रिक मापांत नेमकी मांडली, आणि ती मांडताना जुनी उपकरणे बसतील याची काळजी घेतली. पुण्यात पाषाणला असलेल्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने आखलेल्या ५.५६ मिमी संरक्षक कार्बाइनलाही पिकॅटिनी पट्ट्या आहेत.

खासगी खाच ठेवण्यात विक्रेत्याचा फायदा असतो, कारण गिऱ्हाइकाला दिव्यासाठीही त्याच्याकडेच यावे लागते. प्रमाण जाहीर झाले की त्याची मापे कोणालाही मिळतात. मग भोसरीतला दोन मिलिंग मशिनांचा मालकसुद्धा, गेज नीट पाळले तर, मोठ्या कारखान्याच्या बरोबरीने काम मागू शकतो. छोट्या उद्योगाला प्रमाणाने हा मोठा आधार दिला आहे.

वर्गात हा विषय सहज घेता येईल. मुलांना घरातून जुने नट-बोल्ट आणायला सांगावे, ते मिसळून पुन्हा जुळवायला द्यावेत आणि न जुळणाऱ्यांचे आटे मोजून घ्यावेत. एखादा नट दोन फेरे चढून अडकेल. तो का अडकला हे शोधताना मुले ५५ आणि ६० अंशांपर्यंत, इंच आणि मिलिमीटरपर्यंत आपोआप पोहोचतील.