तुटवड्यातून घडलेली सिरॅमिके : अभ्रक, बेरियम टायटॅनेट आणि तारापूर

प्रस्तावना

पश्चिम रेल्वेच्या वैतरणा स्थानकापासून उत्तरेकडे निघाल्यास सफाळे, केळवे रोड, पालघर व उमरोळी ही स्थानके ओलांडून बोईसर येते. बोईसरच्या पश्चिमेस समुद्रकिनारी तारापूरचे अणुविद्युत केंद्र आहे. या केंद्राचा इतिहास बहुधा आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या अंगाने सांगितला जातो. तेथील अणुभट्टीचे इंधन हे स्वरूपाने सिरॅमिक आहे, आणि ते घडविण्याची रीत विद्युत धारित्रांच्या, म्हणजेच कपॅसिटरच्या, सिरॅमिकशी जवळचे नाते सांगते. या बाबीकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते. या दोन्ही सिरॅमिकांचा विकास पुरवठ्याच्या संकटातून कसा झाला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

अभ्रकाला पर्याय

दुसऱ्या महायुद्धापर्यंत उच्च प्रतीच्या धारित्रांत अभ्रकाची पातळ पाने वापरली जात. पत्री अभ्रकाच्या पुरवठ्यात भारत अग्रेसर होता. तत्कालीन बिहारमधील कोडरमा-हजारीबागचा पट्टा आणि मद्रास इलाख्यातील नेल्लोर ही त्याची प्रमुख केंद्रे होत. युद्धकाळात लष्करी संदेशयंत्रणांची मागणी वाढली आणि त्याच वेळी सागरी वाहतूक असुरक्षित झाली. त्यामुळे अभ्रकाला पर्याय शोधणे निकडीचे झाले.

अभ्रकाचा पराविद्युत स्थिरांक ६ ते ७ च्या आसपास असतो, तर रुटाइल रूपातील टायटॅनियम डायऑक्साइडचा सुमारे १००. टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये अन्य ऑक्साइडे मिसळण्याच्या प्रयोगांतून बेरियम टायटॅनेट पुढे आले. त्याचा स्थिरांक सामान्य तापमानालाच हजाराच्या वर आढळला. अमेरिकेत वेनर व सॉलोमन, जपानमध्ये ओगावा व वाकू आणि सोव्हिएत संघात वुल व गोल्डमन यांनी १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात एकमेकांपासून स्वतंत्रपणे हे संशोधन केले. अभ्रक यामुळे लगेच हद्दपार झाले नाही. तथापि कच्चा माल पुरविणाऱ्या देशाचे महत्त्व कमी करणारे ज्ञान अन्यत्र निर्माण झाले.

चूर्णापासून चकतीपर्यंत

बेरियम कार्बोनेट व टायटॅनियम डायऑक्साइड यांची चूर्णे समप्रमाण रेणूभारांत घेऊन एकजीव दळतात. हे मिश्रण सुमारे ११०० अंश सेल्सिअसला भाजले असता कार्बन डायऑक्साइड निघून जातो व टायटॅनेट तयार होते. ते पुन्हा दळून, दाबयंत्राने चकत्या पाडून, सुमारे १३०० अंशांवर त्यांचे सिंटरिंग केले जाते. त्यानंतर चकतीच्या दोन्ही पृष्ठांवर चांदीचा लेप देऊन धारिता व ऊर्जाऱ्हास मोजतात. तापमान वाढवीत नेल्यास सुमारे १२० अंशांजवळ स्थिरांक शिखर गाठतो, कारण तेथे स्फटिकाची रचना चतुष्कोनीय रूपातून घनीय रूपात बदलते. कणांचा आकार, अशुद्धी व उरलेली सच्छिद्रता यांनुसार मोजमापे बदलतात. म्हणूनच सूत्र सर्वांना ठाऊक असले तरी गुणवत्ता चूर्णावरच ठरते.

तारापूरचा अनुभव

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी सहकार्याने उभारल्या गेल्या व १९६९ मध्ये त्यांतून वीजनिर्मिती सुरू झाली. समृद्ध युरेनियमचा पुरवठा अमेरिकेने करावयाचा होता. १९७४ ची पोखरण चाचणी व १९७८ चा अमेरिकी अण्वस्त्र प्रसारबंदी कायदा यांनंतर तो पुरवठा खुंटला. १९८२ मध्ये फ्रान्सशी करार होऊन तातडीची अडचण दूर झाली. तरीही भाभा अणुसंशोधन केंद्राने युरेनियम व प्लुटोनियम यांच्या मिश्र ऑक्साइडाचे इंधन विकसित केले. त्यासाठीचा कारखाना तारापूर येथेच उभा राहिला आणि १९९० च्या दशकात या इंधनाचे काही जुडगे अणुभट्टीत वापरण्यात आले.

येथेही चूर्ण दळणे, दाबून गोळ्या करणे व सिंटरिंग हाच क्रम आहे. भेद भट्टीतील वातावरणाचा आहे. इंधनात जादा ऑक्सिजन राहू नये म्हणून हायड्रोजनयुक्त वातावरण लागते. टायटॅनेटची चकती मात्र सामान्यतः हवेतच भाजतात, कारण ऑक्सिजन गमावल्यास तिचा विद्युतरोध घटतो.

निष्कर्ष

अभ्रकाच्या प्रसंगात भारत पुरवठादार होता, तर तारापूरच्या प्रसंगात पुरवठा तुटलेला ग्राहक. पहिल्या वेळी तुटवड्याचे उत्तर परदेशी प्रयोगशाळांनी शोधले. दुसऱ्या वेळी ते येथे शोधावे लागले व त्यातून कौशल्य देशात रुजले. धारित्रांबाबत असे घडले नाही. आज एका स्मार्टफोनमध्ये बेरियम टायटॅनेटची बहुस्तरीय धारित्रे शेकड्यांनी असतात आणि भारताची गरज प्रामुख्याने आयातीवर भागते. २०२५ मध्ये केंद्र शासनाने इलेक्ट्रॉनिक घटकांच्या निर्मितीसाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. मात्र केवळ जुळणीचे कारखाने वाढल्याने चूर्णाचे ज्ञान येत नाही. बेरियम टायटॅनेटची चकती महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील भट्टी, दाबयंत्र व मापकावरही करता येते. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या अशा प्रकल्पाकडे परीक्षेपुरता उपचार म्हणून न पाहता त्या ज्ञानाची पहिली पायरी म्हणून पाहणे, हाच या इतिहासाचा बोध होय.