नोकरी आहे? मग परत जा!

तर मंडळी, सध्या माझ्याकडे वेळ बराच आहे. कारण विचारू नका... बरं, सांगतोच. दीड महिन्यापूर्वी, एका मंगळवारी सकाळी हापिसात पंधरा मिनिटांची मीटिंग झाली आणि आमच्या टीममधल्या नऊ जणांना नारळ मिळाला. मी एच-वन-बी वर आहे. म्हणजे त्या दिवसापासून ६० दिवसांत नवीन कंपनीने माझ्यासाठी अर्ज भरला पाहिजे, नाहीतर बॅगा भरायच्या. (ही ६० दिवसांची सवलत २०१७ सालापासूनची आहे.) आज ४४वा दिवस.

मागच्या वीकांताला रूममेट म्हणाला, घरात बसून लॅपटॉपकडे बघत राहिलास तर वेडा होशील, चल. न्यू जर्सीच्या बाजूने लिबर्टी स्टेट पार्कातून फेरी सुटते, ती एलिस बेटावर जाते. १ जानेवारी १८९२ ला तिथलं केंद्र सुरू झालं आणि १९५४ ला बंद झालं. मधल्या काळात सुमारे सव्वा कोटी माणसं तिथून अमेरिकेत शिरली.

वरच्या मजल्यावर तो प्रसिद्ध हॉल आहे, रजिस्ट्री रूम. जिना चढणाऱ्यांकडे डॉक्टर बघत उभे असायचे, कोण लंगडतंय, कोणाला धाप लागतेय. मग बाकावर बसायचं आणि नाव पुकारलं की इन्स्पेक्टरसमोर जायचं. त्याच्या हातात जहाजावरची यादी. पुढे पुढे त्या यादीत २९ प्रश्न होते. नाव, वय, लग्न, खिशात पैसे किती, कोणाकडे उतरणार. आणि त्यातच एक गुगली: इथे काम ठरवून आला आहात का?

आता मला सांगा, तुम्ही काय उत्तर द्याल? मी तर छाती पुढे काढून म्हणालो असतो, हो साहेब, मामेभावाने कारखान्यात चिकटवलंय, सोमवारपासून हजर व्हायचंय. आणि तिथेच अडकलो असतो! कारण २६ फेब्रुवारी १८८५ च्या कायद्याप्रमाणे काम आधीच ठरवून येणाऱ्या मजुराला अमेरिकेत बंदी होती. तिथल्या फलकावर हे वाचलं तेव्हा मला वाटलं, छापताना 'नाही' गाळलाय की काय. घरी येऊन दोन रात्री वाचत बसलो. चूक नव्हती.

यामागे कारण होतं, आणि ते अगदीच वेडगळ नव्हतं. यादवी युद्धाच्या काळात मजूर मिळेनात, म्हणून १८६४ साली सरकारनेच असे करार कायदेशीर केले होते: मालकाने तिकीट काढायचं आणि मजुराने पगारातून फेडायचं. तो कायदा १८६८ साली रद्द झाला, तरी करार चालूच राहिले. संप झाला की कारखानदार परदेशातून कमी पगारावर माणसं मागवायचे. 'नाइट्स ऑफ लेबर' ही तेव्हाची मोठी कामगार संघटना. तिने आणि काचकामगारांनी रेटा लावला आणि १८८५ चा कायदा झाला. दोन वर्षांनी अशा मजुरांना परत पाठवायची सोयही त्यात आली. गंमत म्हणजे नाइट्सचा पुढारी टेरेन्स पाउडर्ली हाच १८९७ साली इमिग्रेशन खात्याचा प्रमुख झाला.

कायद्याचे शब्द इतके मोकळे होते की न्यूयॉर्कच्या एका चर्चने इंग्लंडहून पाद्री बोलावला तर चर्चवरच खटला! नट, गायक, व्याख्याते यांना सूट होती, पाद्री लिहायचा राहिला होता. शेवटी १८९२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बाबांनो, कायदा अंगमेहनतीच्या मजुरांसाठी आहे.

पण खरी मेख पुढेच आहे. १८८२ पासून दुसरंही कलम होतं: जो सरकारी मदतीवर पडेल असं वाटतं त्याला आत घेऊ नये. म्हणजे काम असेल तर बाद, आणि काम मिळेलसं वाटत नसेल तरी बाद. बरोबर उत्तर या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत. काम नाही, पण अंगात जोर आहे, मिळेल. फिओरेल्लो ला ग्वार्डिया (हो, विमानतळवालाच, नंतर महापौर झाला) १९०७ ते १९१० तिथे दुभाषा होता. त्यालाही हे कोडं उलगडलं नव्हतं, आत्मचरित्रात त्याने तसं लिहिलंय.

नाकारलेले लोक दोन टक्क्यांच्या आसपासच. पण १९१५ सालचे ते दोन रशियन मजूर माझ्या डोक्यातून जात नाहीत. एकाच्या खिशात ४० डॉलर, दुसऱ्याच्या २५. भाषा येत नाही, जायचंय ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला. अधिकारी म्हणाले, पोर्टलंडला सध्या कामच नाही, परत जा. खटला सुप्रीम कोर्टात गेला, 'गेगिओ विरुद्ध उल'. न्यायमूर्ती होम्स यांचा निकाल असा की ते कलम भिकारी, वेडे, गुन्हेगार यांच्या यादीत बसलंय, म्हणजे ते माणसातल्या उणिवेबद्दल आहे. एका शहरात मंदी आहे म्हणून माणूस नालायक ठरत नाही.

हे वाचून मी खुर्चीत जरा सरळ बसलो, खोटं कशाला बोलू.

मग संसदेने काय केलं? १९१७ च्या कायद्यात ते कलम यादीतून उचलून दुसरीकडे ठेवलं. शब्द तेच, फक्त जागा बदलली, म्हणजे होम्सचा युक्तिवाद लागू नये. आम्ही रिलीजच्या आदल्या रात्री असलेच पॅच मारतो. त्याच कायद्याने आशियाभोवती एक रेघही ओढली, आणि आपला देश त्या रेघेच्या आत होता. त्याआधी हिंदुस्थानींना अडवणारा वेगळा कायदा नव्हता, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल बेटावर पंजाबी शेतकऱ्यांना परत पाठवायला हेच 'मदतीवर पडेल' कलम कामाला यायचं.

करारबंदी १९५२ च्या कायद्याने गेली आणि त्याच कायद्यात 'एच' व्हिसा जन्मला. १९९० साली त्यातून एच-वन-बी. ६७ वर्षं जे उत्तर दिलं की माणूस बाद व्हायचा, तेच उत्तर आता हातात घेऊन यावं लागतं. माझ्याकडे ते होतं, ४४ दिवसांपूर्वीपर्यंत.

आईला माहीत आहे. ती रोज फोनवर "जेवलास का रे?" एवढंच विचारते आणि मग थांबते. बाबांना अजून सांगितलेलं नाही. (ते ब्लॉग वाचत नाहीत, म्हणून इथे लिहितोय.)

आत्तापर्यंत ११२ ठिकाणी अर्ज केलेत. प्रत्येक फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न असतो: आपल्याला आत्ता किंवा भविष्यात व्हिसासाठी स्पॉन्सर लागेल का? 'हो' वर टिचकी मारली की बऱ्याचदा दहा मिनिटांत नकाराची मेल येते, माणसाने वाचलं असण्याची शक्यताच नाही. 'नाही' म्हणणं खोटं. मधली चिंचोळी पट्टी इथे नाही, दोनच गोल आहेत.

असो. एका ठिकाणी 'हो' म्हणूनही बोलावणं आलंय. सोमवारी सकाळी साडेनऊला. शर्टाला इस्त्री करायची राहिलीय.