सौंसरची स्थळे, छायाचित्रे आणि अनुज्ञेचा प्रश्न

एखाद्या प्रांतातील कोणत्या स्थळांची छायाचित्रे काढावीत आणि त्यासाठी अनुज्ञा कोणाकडे मागावी, हे दोन प्रश्न सकृद्दर्शनी वेगळे भासतात. इतिहास चाळला म्हणजे ते एकच असल्याचे ध्यानात येते. अनुज्ञा देण्याचा अधिकार ज्याच्या हाती होता, त्यानेच बहुधा निवडही केली. आणि ज्या गावाच्या वतीने बोलणारा कोणी नव्हता, ते गाव चित्रातून वगळले गेले. मध्यप्रदेशातील सौंसर व पांढुर्णा या मराठी बोलणाऱ्या तालुक्यांच्या संदर्भात हा विषय आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१८५५ साली मुंबई सरकारने कॅप्टन टॉमस बिग्ज या तोफखान्याच्या अधिकाऱ्यास प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामी नेमले. त्याने विजापूर, बदामी, ऐहोळे येथील वास्तू टिपल्या. पुढे ते काम डॉ. पिगू यांच्याकडे गेले. येथे कॅमेरा आला तो असा सरकारी हुकूम हाती घेऊन. अर्थात त्याच काळी मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हेही छायाचित्रकार म्हणून नावारूपास आले होते. पेडण्याजवळच्या मांद्र्याचे हे घराणे; तेव्हा या विद्येच्या आरंभीच गोमंतकीय हातांचा स्पर्श तिला झाला होता, ही गोष्ट आमच्या वाचकांना सुखावेल.

पुढे हेन्री कझिन्स यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची यादी सिद्ध केली व ती १८९७ साली प्रसिद्ध झाली. अशा याद्यांचे ऋण मोठे आहे, ते नाकारण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. परंतु यादी करणाऱ्याची दृष्टी दगड, कोरीव काम आणि शिलालेख यांवर खिळलेली असे. दरवर्षी चुना लावले जाणारे, पत्र्याचा मंडप चढलेले, रोज घंटा वाजणारे देऊळ त्या दृष्टीत सहसा भरत नसे. जे भग्न झाले त्याचे चित्र निघाले. जे जिवंत होते ते तसेच राहिले!

सौंसरच्या बाबतीत आणखी एक विपरीत घडले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशातच राहिला. भाषा नागपूरकडची, संत्र्याच्या बागा नागपूरकडच्या, सोयरीक नागपूरकडची. राजधानी मात्र भोपाळ. मराठी स्थळांविषयी लिहिणाऱ्यास हा प्रदेश परराज्यातला वाटतो आणि भोपाळच्या दृष्टीने तो एका टोकाचा.

गंमत अशी की, तेथील देवस्थानांना लागू असलेला सार्वजनिक न्यासांचा कायदा १९५१ सालचा आहे, म्हणजे नागपूर हीच मध्यप्रदेशाची राजधानी असतानाचा. नागपूरने केलेला कायदा सौंसरला राहिला आणि नागपूर स्वतः दुसऱ्या व्यवस्थेत गेले. त्यामुळे सीमेअलीकडचा सावनेरकर न्यासाच्या कामासाठी धर्मादाय आयुक्तांकडे जातो, तर पलीकडच्या सौंसरकरासाठी न्यासांचा निबंधक म्हणजे जिल्हाधिकारी. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. म्हणजे छिंदवाड्यास जाणारा कागद आता पांढुर्ण्यास जावयाचा. न्यासाच्या नोंदवहीत विश्वस्त कोण आणि मालमत्ता कोणती हे लिहिलेले असते. अनुज्ञा मागणाऱ्याने प्रथम ती नोंद पाहावी. पुजारी, मानकरी आणि विश्वस्त या तिघांत ‘हो’ कोणी म्हणावयाचे, याचा उलगडा तेथे होतो.

कायद्याच्या दृष्टीने पाहता, वास्तूचे छायाचित्र घेणे व प्रसिद्ध करणे यास १९५७ चा स्वामित्वहक्काचा कायदा आडवा येत नाही. लोकांना खुल्या असलेल्या जागी कायम बसविलेल्या शिल्पासही तीच सवलत आहे. परंतु स्वामित्वहक्काचा अडसर नसणे निराळे आणि गाभाऱ्यात कॅमेरा नेण्याचा हक्क असणे निराळे. देवता ही कायद्याने व्यक्ती आहे. १९२५ साली मल्लिक घराण्याच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने, मूर्ती कोठे असावी याविषयी देवाच्या इच्छेचाही विचार झाला पाहिजे आणि ती इच्छा मांडण्यास निःस्वार्थी प्रतिनिधी असावा, असे म्हटले. तो दावा छायाचित्राचा नव्हता; तथापि देवाच्या वतीने बोलणाऱ्याने स्वतःची सोय बाजूस ठेवावी, हे त्यातले तत्त्व आम्हांस येथेही ग्राह्य वाटते. ‘येथे छायाचित्रे काढण्यास सक्त मनाई आहे’ असे फलक आपण सर्वत्र पाहतो. ते कोणत्या ठरावाने लागले, कोणत्या भागापुरते लागले, हे त्यांवर क्वचितच लिहिलेले असते. गाभाऱ्यापुरती मनाई असावी, हे आम्हांस पूर्ण मान्य आहे. पण ती महाद्वार, दीपमाळ आणि धर्मशाळेपर्यंत का पसरावी?

आता निवडीकडे वळू. आमच्या मते पहिला मान सौंसरजवळच्या जामसावळीचा. तेथे पिंपळाखाली मारुतिराय निजलेल्या स्थितीत आहेत. उभ्या मारुतीची सवय असलेल्या डोळ्यांना ते दर्शन अपूर्व वाटते. ऑगस्ट २०२३ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांच्या हस्ते तेथे ‘हनुमान लोक’ या विस्ताराचे भूमिपूजन झाले. विस्तार व्हावा, भक्तांची सोय व्हावी, यात दुमत नाही. परंतु अशा कामात जुना ओटा, पायवाट आणि पारावरची बसण्याची जागा यांचे रूप पालटते, आणि पालटल्यावर पूर्वी काय होते हे म्हाताऱ्यांनाही नीट सांगता येत नाही. १५६० साली कुशस्थळीहून श्रीमंगेश खाडीपलीकडे प्रियोळास नेले गेले. त्या मूळ देवळाचे छायाचित्र असणे शक्यच नव्हते, कारण ती विद्याच जन्मली नव्हती. आजच्या विश्वस्तांना ती सबब नाही.

जामसावळीस एक मर्यादा मात्र कटाक्षाने पाळली पाहिजे. तेथे व्याधिग्रस्तांना घेऊन त्यांचे आप्त येतात. विश्वस्तांचे अनुज्ञापत्र देवळापुरते असते. त्या दुःखी माणसांची तोंडे टिपण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

दुसरे स्थळ मोहगाव हवेलीचे अर्धनारीश्वराचे देवस्थान. तिसरे पांढुर्ण्याचे चंडिकामातेचे देऊळ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते, पळसाच्या झाडावर झेंडा लावतात आणि खेळ संपल्यावर तो झेंडा देवीस अर्पण होतो. दगडांची आणि रक्ताची चित्रे दरवर्षी वृत्तपत्रांतून येतात. ज्या देवळात तो सारा प्रकार शांत होतो त्याचे चित्र आमच्या तरी पाहण्यात नाही. नदीच्या पात्रास कोणा विश्वस्ताची अनुज्ञा लागत नाही, पण त्या दिवशी जिल्हा प्रशासनाचे मनाई हुकूम असतात. यंत्र आकाशात उडवावयाचे तर २०२१ चे ड्रोन नियमही आहेत. त्यापेक्षा चार दिवस आधी जावे, जेव्हा नदीकाठी बैल धुतले जातात.

अर्ज लिहावयाचा तो साधा असावा: कोणता भाग, कोणता दिवस, दिवा व तिपाई लागणार की नाही, आणि चित्रे कोठे छापणार. विश्वस्तांनीही उत्तर लेखी द्यावे आणि एक अट अवश्य घालावी, ती ही की प्रत्येक चित्राची एक प्रत तारखेसह देवस्थानाच्या दप्तरी जमा व्हावी. स्वामित्वहक्क छायाचित्रकाराकडे राहिला तरी चालेल. प्रत मात्र गावात हवी.

नागपूर-छिंदवाडा अरुंद लोहमार्गावरील छोटी गाडी सौंसरवरून जात असे. २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली आणि त्या जागी रुंद मार्ग आला. पिढ्यान् पिढ्या लोक त्या गाडीने लग्नास व बाजारास गेले. तिची चित्रे रेल्वेच्या हौशी अभ्यासकांनी काढली म्हणून उरली आहेत, पण ती त्यांच्या संग्रहात. सौंसरच्या कोणा घरी फलाटावर उभ्या असलेल्या वऱ्हाडाचे एखादे चित्र असेल, तर ते या कामात पहिल्या दिवशीच मागून घ्यावे. त्यास घरच्या वडीलधाऱ्यांखेरीज कोणाचीच अनुज्ञा लागत नाही.