सिरोंचाला समुद्र नाही, तरीही… (धागा)

गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता गोदावरीस मिळते त्या संगमाजवळ सिरोंचा वसले आहे. बंगालचा उपसागर येथून ३०० किलोमीटरहून अधिक दूर. तरीही उपसागरी वादळांच्या इतिहासात या गावाला जागा द्यावीच लागते.

१८६० मध्ये हा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि सिरोंचा ‘अप्पर गोदावरी’ जिल्ह्याचे मुख्यालय झाले. लवकरच अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तेव्हा वऱ्हाड-नागपूरचा कापूस नावेने प्राणहिता-गोदावरीतून पूर्व किनाऱ्यावर न्यावा, या सर आर्थर कॉटन यांच्या योजनेला जोर चढला. वाटेत खडकाळ धावांचे तीन अडथळे होते. त्यांतला तिसरा अहेरीजवळ देवलमरीला. १८७१ मध्ये योजना गुंडाळली गेली.

पण ज्या किनाऱ्याकडे हा जलमार्ग निघाला होता, तो वादळांचा किनारा होता. १ नोव्हेंबर १८६४ रोजी मच्छलीपट्टणवर समुद्राची लाट चढून आली आणि सुमारे ३० हजार माणसे गेली. त्याआधी महिनाही झाला नव्हता तोच, ५ ऑक्टोबरला, कलकत्ता उद्ध्वस्त झाले होते. हुगळीतली जहाजे नांगर तुटून एकमेकांवर आदळली होती.

राजधानीच्या बंदरावरचा हा घाव सरकारला झोंबला. १८६५ पासून कलकत्ता बंदराला वादळाचे इशारे मिळू लागले. त्या वादळाच्या नोंदी गोळा करणारे हेन्री ब्लॅनफोर्ड १८७५ मध्ये नव्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. ‘सायक्लोन’ हा शब्दसुद्धा १८४८ मध्ये कलकत्त्याच्याच हेन्री पिडिंग्टन यांनी रूढ केला, तोही खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात. हे मुद्दाम सांगतो, कारण इशाऱ्याची ही सारी व्यवस्था जहाजांकडे पाहत जन्मली. नदीच्या वरच्या अंगाला राहणारा माणूस तिच्या नजरेत नव्हता.

किनारा ओलांडला की वादळाचा वारा मोडतो, पाऊस मोडत नाही. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीचे बहुतेक पाणी सिरोंचावरूनच जाते. थोडे खाली इंद्रावती बस्तरचे पाणी आणते. गोदावरी आधीच तुडुंब असेल तर प्राणहितेला वाट मिळत नाही आणि पाणी उलटे शेतात शिरते. त्यामुळे जंगलात समुद्रवादळ येते ते पुराच्या नावाने.

ऑगस्ट १९८६ मध्ये तेच झाले. भद्राचलमला गोदावरी ७५.६ फुटांवर गेली. तेथील तिसरा, सर्वांत गंभीर इशारा ५३ फुटांना असतो. तो उच्चांक अजून मोडलेला नाही.

सप्टेंबर २०२१ चे ‘गुलाब’ तर उपसागरातून आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले, तेलंगणा-विदर्भ-मराठवाडा भिजवत अरबी समुद्रात उतरले आणि तेथे ‘शाहीन’ होऊन ओमानवर धडकले. मधल्या मुलखात शेते पाण्याखाली गेली.

जुलै २०२२ मध्ये भद्राचलमला पाणी ७१.३ फुटांवर पोहोचले. सिरोंचा तालुक्यातल्या गावांतून माणसे हलवावी लागली. या वेळी लोकांनी आभाळाला दोष दिला नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या तेलंगणाच्या मेडीगड्डा धरणाकडे त्यांनी बोट दाखवले. धरणाच्या फुगवट्यामुळे जमिनी बुडतात, असे सांगत शेतकरी सिरोंचात साखळी उपोषणाला बसले. १८६४ च्या कलकत्त्याने इशारा मागितला होता. यांनी मागितला तो बुडालेल्या जमिनीचा मोबदला.