दोर, दप्तर आणि डोंबारी

ढोलकीवर थाप पडली की चाकणच्या शनिवारच्या बाजारासारख्या गर्दीच्या ठिकाणी घटकाभरात रिंगण धरले जाई. बांबूच्या दोन कैच्या उभ्या राहत, त्यांवरून नेलेल्या दोराची टोके जमिनीतील मेखांना ताणून बांधली जात, आणि माथ्यावर तांब्यांची उतरंड व हाती आडवा वेळू घेतलेली आठदहा वर्षांची पोर त्या दोरावर पहिले पाऊल टाकी, तेव्हा बैलाचा सौदा अर्धवट सोडून शेतकरीही वर पाहत राही. ढोलकी वाजविणाऱ्या बापाची दृष्टी मात्र लेकीच्या पावलांवरून ढळत नसे.

या विद्येची वंशावळ प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नट, नर्तक, गायक यांच्या पंक्तीस ‘प्लवक’ बसलेला आहे, आणि दोरावर खेळणारा असा त्या शब्दाचा अर्थ अभ्यासकांनी लाविला आहे. परप्रांतातून आलेल्या कलापथकाने पाच पण ‘प्रेक्षावेतन’ राजाकडे भरावे, असा दंडकही तेथे आहे. ज्याच्याकडून सरकार महसूल घेते तो व्यवसायी होय, याचक नव्हे, हे त्या दप्तरास मान्य होते.

पुढील दप्तरांनी हा मान राखिला नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरस्तेपणाकडेच संशयाने पाहण्याची रीत कारभारात रुजविली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, आणि सातच वर्षांनी आलेल्या १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक जागी गाऊन, नाचून वा खेळ करून दान स्वीकारणे हेही भिक्षेच्या व्याख्येत समाविष्ट केले. शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत कोल्हाट्यांमध्ये गणला जाणारा डोंबारी कलावंत अशा रीतीने कायद्याच्या दृष्टीने भिकारी झाला.

त्याच सुमारास पायाखालची भूमीही पालटत होती. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, १९७० ची नगरपालिका १९८२ साली महानगरपालिका झाली, चाकणच्या शिवारातही पुढे मोटारींचे कारखाने उभे राहिले. आणि मोकळी मैदाने भिंतींआड गेल्यावर डोंबाऱ्याचा दोर कामगारवस्त्यांच्या चौकांत ताणला जाऊ लागला.

याच वर्षांत, १९८० च्या आगेमागे, अमेरिकेतील योसेमिटी खोऱ्यात ॲडम ग्रोसोव्स्की व जेफ एलिंग्टन हे तरुण गिर्यारोहक प्रस्तरारोहणाच्या चपट्या नायलॉन पट्टीवर चालण्याचा सराव करू लागले, आणि १९८५ साली स्कॉट बाल्कम याने तेथील लॉस्ट ॲरो सुळक्यापाशी अतिउंचावरील पट्टी ओलांडली. हीच ‘स्लॅकलाइन’. तिचे शास्त्र थोडे निराळे आहे: डोंबाऱ्याच्या पोरीचा लांब वेळू तिचा झुकाव मंदावतो आणि सावरण्यास अवधी देतो, लवचीक पट्टीवर वेळू नसतो, तेव्हा पट्टीच्या झोक्याशी बाहू व कंबर यांनीच मेळ साधावा लागतो. पट्टी ताणण्यासाठी अनेक जण जे रॅचेट वापरतात, त्याच जातीच्या रॅचेटने चाकणच्या मालमोटारींवरील बोजा आज आवळला जातो.

एका विद्येस क्रीडा म्हणावे आणि तिच्या वडील भगिनीस भिक्षा, हा न्याय नव्हे. पोरीने दोरावरून उतरून शाळेत जावे, याविषयी दुमत असू नये. परंतु तोल सांभाळण्याची जी विद्या तिच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या पायांत जतन केली, तिच्या जाणत्यांना आखाड्यात आणि क्रीडासंकुलात वस्ताद म्हणून मानाने बोलवावे, आणि दप्तरातील त्यांच्या नावापुढचा शब्द एकदा दुरुस्त करावा.