दुष्काळग्रस्त कुटुंब आणि चर्चप्रणीत सेवाकार्य : बीड-जामखेड सीमाभागाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

बीड जिल्ह्याचा आधुनिक इतिहास हा बऱ्याच अंशी दुष्काळाचा इतिहास आहे. जिल्ह्याच्या उत्तरेस गोदाकाठची काळी, कसदार जमीन असली तरी बालाघाटच्या रांगांवरील आष्टी, पाटोदा व शिरूर कासार या भागांत माती उथळ, जमीन मुरमाड आणि पाऊस बेभरवशाचा आहे. पाटोदा तालुक्यातील सौताडा येथे दरीत कोसळणारी विंचरणा नदी पुढे जामखेडकडे वाहत जाते. एकाच डोंगरपठाराचे हे दोन भाग राज्यकारभाराच्या दृष्टीने मात्र दीर्घकाळ वेगळे होते. बीड हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तर जामखेड ब्रिटिश मुलखातील अहमदनगर जिल्ह्यात मोडत असे. जामखेड तालुक्यातील कित्येक गावे निजामाच्या गावांमध्ये विखुरलेली होती. सरहद्द कागदावर होती. दुष्काळाने ती कधीच मानली नाही.

या कोरडवाहू पट्ट्यातील कुटुंबांना सावरण्यासाठी शासनाबरोबरच ख्रिस्ती चर्च व सेवाभावी संस्थांनी वेळोवेळी प्रयत्न केले. त्या प्रयत्नांचे स्वरूप कसे बदलत गेले, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे प्रमुख उद्दिष्ट आहे. एकोणिसाव्या शतकातील मदतकार्य निराधार व्यक्तीला, विशेषतः मुलाला, आश्रय देण्यावर केंद्रित होते. १९७० नंतरच्या सहकार्याने कुटुंबाला त्याच्या गावातच उभे करण्याचा प्रयत्न केला, असे येथे मांडावयाचे आहे. प्रकाशित दुय्यम साधनांच्या आधारे हे विवेचन केले आहे.

मिशन आणि एकोणिसाव्या शतकातील दुष्काळ :

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले व १८३१ मध्ये अहमदनगर हे त्याचे महत्त्वाचे केंद्र बनले. निजामाच्या हद्दीत जालना येथे स्कॉटिश मिशनचे काम उभे राहिले. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी पंतप्रधान सालारजंग यांच्या राजवटीत मिळालेल्या जमिनीवर जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसविली. बीडचा प्रदेश या दोन्ही केंद्रांच्या परिघावर राहिला. शाळा, दवाखाना व वसतिगृह या मिशनकार्याच्या तीन प्रमुख बाजू अहमदनगर व जालना येथे जशा रुजल्या, तशा बीडमध्ये रुजल्या नाहीत.

१८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या तीन दुष्काळांनी दख्खनची ग्रामीण व्यवस्था खिळखिळी केली. मिशनांनी धान्यवाटप केले, कामे काढली आणि अनाथालये उघडली. केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी 'मुक्ती' या संस्थेत दूरदूरच्या दुष्काळी प्रदेशांतील मुली व विधवांना आश्रय दिला. या कार्याने असंख्य जीव वाचले, हे निर्विवाद आहे. मात्र त्या मदतीची रचनाच अशी होती, की मूल वाचविण्यासाठी ते त्याच्या गावातून, नात्यातून व अनेकदा धर्मातूनही बाहेर येत असे. ज्या घरातून ते आले, ते घर बहुधा आधीच मोडलेले असे. पण ते पुन्हा उभे करण्याची साधने मिशनपाशी नव्हती. दुष्काळात झालेल्या धर्मांतरांकडे समाज संशयाने पाहू लागला. हा संशय पुढील शतकभर सेवाकार्याचा पाठलाग करीत राहिला.

पंथभेदाच्या पलीकडील सहकार्य :

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. परदेशी मिशनऱ्यांची संख्या घटली व भारतीय ख्रिस्ती नेतृत्व पुढे आले. फाळणीतील निर्वासितांच्या मदतकार्यातून प्रोटेस्टंट चर्चचे संघटित मदतकार्य उभे राहिले व त्यातूनच पुढे 'कासा' ही संस्था आकारास आली. कॅथलिक चर्चने १९६२ मध्ये 'कॅरिटास इंडिया'ची स्थापना केली. १९६६ च्या सुमारास बिहारसह देशाच्या अनेक भागांत अन्नटंचाई निर्माण झाली, तेव्हा कॅथलिक व प्रोटेस्टंट या दोन्ही प्रवाहांनी मिळून 'ॲफप्रो' ही संस्था स्थापन केली. अन्नोत्पादन आणि पाणी ही तिची कार्यक्षेत्रे होती. शतकानुशतके परस्परांपासून फटकून राहिलेले दोन पंथ विहिरीच्या काठावर एकत्र आले, ही घटना धर्मेतिहासाच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे.

मराठवाड्याच्या दृष्टीने पाण्याचे काम सर्वांत मोलाचे ठरले. येथील जमिनीखाली बेसॉल्टचा कठीण पाषाण असल्याने हाताने खोदलेल्या उथळ विहिरी उन्हाळ्यात आटत. जालना येथील चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने हा पाषाण भेदणारी वेधनयंत्रे इंग्लंडमधील सेवाभावी संस्थांच्या साहाय्याने आणली. विंधन विहिरी झाल्या. पण त्यांवर बसविलेले ओतीव लोखंडी हातपंप वारंवार मोडू लागले. परदेशात एखाद-दुसऱ्या कुटुंबासाठी बनविलेला पंप येथे संपूर्ण गावाच्या घागरी दिवसभर कसा सोसणार? जालना व सोलापूर येथील मिशनच्या कार्यशाळांत स्थानिक कारागिरांच्या मदतीने पोलादी पंप तयार करण्यात आले. १९७४ मध्ये महाराष्ट्र व तामिळनाडूत झालेल्या पाहणीत सुमारे ७५ टक्के हातपंप बंद असल्याचे युनिसेफला आढळले. त्यानंतर सोलापूरच्या पंपाच्या आधारे 'इंडिया मार्क टू' हा पंप विकसित झाला व देशभर पोहोचला. आज मराठवाड्यातील माणूस ज्याला सहजपणे 'हापसा' म्हणतो, त्याच्या जडणघडणीत मिशनच्या कार्यशाळा, शासन, युनिसेफ आणि स्थानिक कारागीर अशा अनेकांचा वाटा आहे.

१९७२ चा दुष्काळ व जामखेडचा प्रयोग :

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून शिक्षण घेऊन वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करीत होते. रुग्णालयात येणारे बहुतेक आजार टाळता येण्याजोगे आहेत आणि बरा झालेला रुग्ण त्याच दारिद्र्यात परततो, हे त्यांच्या लक्षात आले. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी १९७० मध्ये जामखेड येथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. स्थानिक पुढाऱ्यांनी दिलेल्या जनावरांच्या जुन्या दवाखान्यात कामाचा आरंभ झाला. जिनिव्हा येथील जागतिक चर्च परिषदेच्या ख्रिश्चन मेडिकल कमिशनने या विचाराला पाठबळ दिले.

प्रकल्प नुकताच मूळ धरू लागला असताना महाराष्ट्रावर १९७० ते १९७३ या काळातील अवर्षणाचे संकट कोसळले. बीड व अहमदनगर या दोन्ही जिल्ह्यांतील कुटुंबे दुष्काळी कामांवर गेली. खडी फोडणे, रस्ते व पाझर तलाव ही कामे आणि सोबत मिळणारी सुकडी यांची आठवण या भागातील वृद्धांच्या बोलण्यात अद्याप टिकून आहे. मे १९७३ मध्ये राज्यातील कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात पोहोचली होती. याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या विचारातील रोजगार हमी योजनेला बळ मिळाले आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

एवढ्या विशाल शासकीय यंत्रणेपुढे चर्चप्रणीत मदत प्रमाणाने अल्पच होती. तिचे महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे. जामखेडच्या डॉक्टरांनी केवळ औषधोपचारावर न थांबता लहान मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे व पिण्याचे पाणी यांना अग्रक्रम दिला. विंधन विहिरींसाठी जागा निवडताना दलित वस्तीचा जाणीवपूर्वक विचार करण्यात आला. पाणी तेथेच लागल्यावर सवर्ण स्त्रियांनाही घागर घेऊन त्या वस्तीत यावे लागले. ज्या गावात पाणवठ्यावरूनच माणसाची पायरी ठरत होती, तेथे हा बदल कोणत्याही प्रवचनापेक्षा प्रभावी होता.

गावातूनच निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर व अनेकदा दलित स्त्रियांना ग्राम आरोग्य सेविका म्हणून शिक्षण देणे, हा या प्रयोगाचा दुसरा आधार होय. बाळंतपण, मुलांचा आहार, जुलाबावरील घरगुती उपाय यांची माहिती या स्त्रिया घरोघरी देत. तरुण शेतकरी मंडळे व महिला मंडळे त्यांच्या पाठीशी उभी राहिली. कुष्ठरोग्याला दूरच्या वसाहतीत न पाठवता त्याच्याच घरात व गावात उपचार देण्याचे धोरण ठेवण्यात आले. मुलाला अनाथालयात नेणारी जुनी मदत आणि रुग्णाला घरीच ठेवणारी ही नवी मदत यांत जवळपास पाऊण शतकाचे अंतर आहे. या अंतरातच सेवाविचाराचे परिवर्तन सामावलेले आहे.

परिणामांची नोंद आकड्यांतही दिसते. प्रकल्पक्षेत्रात १९७१ च्या सुमारास दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ असलेला अर्भकमृत्यूदर १९९० च्या दशकात ३० च्या खाली आला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रयोगाचा समावेश झाला. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचे जे तत्त्व स्वीकारले, त्यामागील अनुभवांत जामखेडची गणना होते. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

विश्वासाचा प्रश्न :

सेवेआड धर्मप्रसार आहे काय, हा प्रश्न या काळातही विचारला गेला आणि तो अनाठायी म्हणता येणार नाही. एकोणिसाव्या शतकाचा अनुभव ताजाच होता. १९७६ च्या विदेशी अंशदान कायद्याने परदेशी निधीवर शासकीय देखरेख आणली. या प्रश्नाचे उत्तर वादातून न मिळता कामाच्या रचनेतून मिळाले. लाभार्थ्यांची व सेविकांची निवड धर्मावर अवलंबून नव्हती. निर्णयात गावाची मंडळे सहभागी होती. अहमदनगरच्या सोशल सेंटरमधून जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी उभारलेल्या पाणलोट विकासाच्या कामातही हेच सूत्र आढळते. १९९० च्या दशकातील इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात नाबार्ड, जर्मन शासन व स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या. गावाने श्रमदान करावे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी आणि प्रत्येक शेताचे नियोजन त्या शेतकरी कुटुंबाबरोबर बसून करावे, हे त्याचे दंडक होते. बीड जिल्ह्यात अंबाजोगाई येथे डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या 'मानवलोक'ने समाजवादी विचारांतून जलसंधारण व महिला संघटनाचे कार्य केले. धार्मिक प्रेरणा व समाजवादी प्रेरणा यांचे मार्ग भिन्न असूनही दोन्ही गावाच्या सहभागापाशी येऊन मिळाले.

मर्यादा :

या यशाची एक अट होती. गाव जागेवर असेल, तरच सेविका घरोघरी जाऊ शकते. बीड जिल्ह्यातील लाखो कुटुंबांच्या बाबतीत नेमकी हीच अट पूर्ण होत नाही. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेले नवरा-बायकोचे जोडपे, म्हणजे एक 'कोयता', पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या फडात जाते आणि चार-सहा महिन्यांनी परतते. या काळात त्या कुटुंबाला ना गावचे महिला मंडळ उपयोगी पडते, ना हापसा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांबाबत २०१९ मध्ये नेमलेल्या समितीच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक महिलांवर अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. जेथे आरोग्यसेविका पोहोचली नाही, तेथे काय घडते, याचा हा दाहक पुरावा आहे.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालविली जातात. २०२१ मध्ये राज्य शासनाने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही मंजूर केली. शिक्षणासाठी ती आवश्यकच आहेत. तथापि मुलाला वाचविण्यासाठी त्याला आई-वडिलांपासून दूर ठेवणे, हा १९०० सालचा पेच नव्या रूपात पुन्हा समोर उभा आहे, याची नोंद इतिहासाच्या अभ्यासकाने घेणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :

१. एकोणिसाव्या शतकातील मिशनच्या दुष्काळी मदतीने व्यक्तीचे प्राण वाचविले. परंतु कुटुंबाची पुनर्बांधणी तिच्या आवाक्याबाहेर राहिली.

२. १९६६ नंतर कॅथलिक व प्रोटेस्टंट संस्थांच्या परस्परसहकार्याला पाणी या मूलभूत गरजेने चालना दिली.

३. १९७२ च्या दुष्काळात वाटलेले धान्य त्या वर्षीच संपले. विंधन विहीर आणि शिकलेली गावची बाई मात्र मागे राहिली. देणाऱ्याच्या हातून सुटून घेणाऱ्याच्या ताब्यात गेलेली मदतच टिकली.

४. सेवाकार्याविषयीचा संशय निवळण्यास गावाचा निर्णयातील सहभाग सर्वाधिक उपयुक्त ठरला.

५. स्थिर गाव गृहीत धरणारा हा नमुना स्थलांतरित कुटुंबाला अपुरा पडतो. आरोग्यसेविका गावाबरोबरच उसाच्या फडातही असावी, या दिशेने चर्च, स्वयंसेवी संस्था, कारखाने व शासन यांचे सहकार्य घडले, तरच विंचरणेच्या खालच्या अंगाला झालेल्या प्रयोगाचा लाभ तिच्या उगमाकडील बीडच्या कुटुंबांपर्यंत पोहोचेल.